वाहनांमधील बिनतारी संवाद आणि सायबर सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्या एकमेकींना नेमके काय सांगतात?

अमेरिकेतील एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२७३५ या मानकानुसार प्रत्येक सुसज्ज, म्हणजे संवादाचे यंत्र बसवलेली, गाडी सेकंदाला साधारण १० वेळा एक छोटा 'मूलभूत सुरक्षा संदेश' आसपासच्या सर्वांसाठी प्रसारित करते. त्यात चार बाइटचा तात्पुरता ओळखक्रमांक, ० ते १२७ असा फिरत राहणारा संदेशक्रमांक, मिलिसेकंदातील वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, वेग, दिशा, त्वरण, स्टीअरिंगचा कोन, ब्रेकची स्थिती आणि गाडीची लांबी-रुंदी अशी माहिती असते. अक्षांशाचे एकक एका अंशाचा एक कोटीवा भाग, म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर, असे आहे. वेगाचे एकक सेकंदाला ०.०२ मीटर आहे, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी आपल्या वेगाच्या रकान्यात ८३३ हा आकडा भरते. (एकक एवढे बारीक असले तरी जीपीएसची चूक काही मीटरची असू शकते, हे विसरू नये.) नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही या संदेशात नसते.

युरोपात दूरसंचाराची मानके ठरवणाऱ्या एट्सी या संस्थेच्या मानकांनुसार जवळपास असाच संदेश परिस्थितीप्रमाणे सेकंदाला १ ते १० वेळा पाठवला जातो. पुढे अपघात झाला आहे किंवा रस्ता निसरडा आहे, अशा प्रसंगी धोक्याची वेगळी सूचना जाते.

हा संवाद मोबाइलच्या नेटवर्कवरून होतो का?

बहुतेक वेळा नाही. गाडी थेट गाडीशी बोलते आणि मध्ये टॉवर लागत नाही, म्हणूनच उशीर काही मिलिसेकंदांचा राहतो. त्यासाठी दोन तंत्रे आहेत. वाय-फायच्या कुळातील डीएसआरसी हे पहिले असून ते २०१० च्या ८०२.११पी या मानकावर उभे आहे. सी-व्हीटूएक्स हे दुसरे तंत्र मोबाइलच्या कुळातील असून त्याची पहिली आवृत्ती २०१७ मध्ये थ्रीजीपीपी या मोबाइलची मानके ठरवणाऱ्या गटाच्या १४ व्या प्रकाशनात आली. दोन्ही तंत्रे मुख्यतः ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. जपानने मात्र ७६० मेगाहर्ट्झची लहर निवडली आणि तिथे २०१५ पासून अशा गाड्या रस्त्यावर आहेत.

कोणते तंत्र निवडावे यावर अनेक वर्षे वाद चालला आणि त्याची किंमत सुरक्षेच्या कामालाही मोजावी लागली, असे आमचे मत आहे. अमेरिकेने १९९९ मध्ये ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी राखून ठेवला होता. २०२० मध्ये त्यातील ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायला देऊन उरलेले ३० सी-व्हीटूएक्ससाठी ठेवण्याचा निर्णय झाला. नव्या गाड्यांत हे तंत्र सक्तीचे करण्याचा २०१६ च्या अखेरीस मांडलेला प्रस्तावही २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. रस्त्यावर गाड्या येईनात, त्यामुळे कागदावर उत्तम जमलेली सुरक्षाव्यवस्था मोठ्या गर्दीत कशी वागते, याचा अनुभव अजून तोकडाच आहे.

हे संदेश कूटबद्ध का केले जात नाहीत?

कारण ते सर्वांनी वाचावेत यासाठीच असतात. वळणापलीकडून येणाऱ्या ज्या गाडीला आपण सावध करू पाहतो, ती आपल्याला आधी कधीच भेटलेली नसते. तिच्याशी गुप्त किल्ली ठरवत बसलो तर तोवर ती समोर येऊन ठाकलेली असेल. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात साधारण १.७ मीटर पुढे सरकते. म्हणून येथे गुप्ततेपेक्षा संदेश कोणी पाठवला आणि तो वाटेत बदलला तर नाही ना, या दोन प्रश्नांना अधिक महत्त्व आहे.

मग पाठवणारा खरा आहे हे कसे कळते?

डिजिटल स्वाक्षरीने. अमेरिकेत आयईईई १६०९.२ आणि युरोपात एट्सीचे टीएस १०३ ०९७ ही मानके ते काम सांभाळतात. गाडी आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त तिच्याकडेच असलेल्या गुप्त आकड्याने, प्रत्येक संदेशावर ६४ बाइटची स्वाक्षरी करते आणि सोबत एक प्रमाणपत्र जोडते, ज्यावरून ऐकणाऱ्या गाडीला ही किल्ली मान्यताप्राप्त यंत्रणेनेच दिली आहे याची खात्री पटते. हवेतील जागा मोजकी असल्याने पूर्ण प्रमाणपत्र दर संदेशाला न जोडता युरोपात साधारण सेकंदातून एकदाच पाठवतात आणि इतर वेळी त्याचा आठ बाइटचा सारांश पुरतो. खासगी किल्ली गाडीतील एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते. ती बाहेर वाचता येऊ नये, अशी त्या चिपची रचना असते.

प्रमाणपत्रात गाडीचे अधिकारही लिहिलेले असतात. साध्या गाडीने 'मी रुग्णवाहिका आहे, वाट द्या' असा संदेश पाठवला, तर त्यावरील स्वाक्षरी बिनचूक असूनही तो फेटाळला जातो, कारण तसे म्हणण्याची परवानगी तिच्या प्रमाणपत्रात नसते. जुना संदेश टिपून ठेवून नंतर पुन्हा वाजवण्याचा खोडसाळपणा संदेशातील वेळ आणि ठिकाण तपासून पकडता येतो.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. चौकात १०० गाड्या असतील तर प्रत्येक गाडीला सेकंदाला सुमारे १,००० स्वाक्षऱ्या तपासाव्या लागतात. हल्लेखोराने मुद्दाम बनावट स्वाक्षऱ्यांचा मारा केला तर तपासणारी चिप त्यातच गुंतून पडते आणि खरा इशारा रांगेत अडकतो. म्हणून हे काम वेगळ्या हार्डवेअरकडे सोपवतात, किंवा ज्या संदेशामुळे चालकाला इशारा देण्याची वेळ येणार आहे तेवढाच आधी तपासतात.

स्वाक्षरी खरी आणि मजकूर खोटा, असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आमच्या मते हाच आहे. कागदावर सही-शिक्का असला म्हणजे तो कोणाच्या कचेरीतून निघाला एवढेच कळते. आतला मजकूर खरा आहे की नाही, हे शिक्का सांगत नाही. गाडीतील संदेश पाठवणारे युनिट ज्याच्या ताब्यात आहे त्याला खासगी किल्ली चोरण्याचीही गरज पडत नाही. जीपीएसकडून युनिटला मिळणारी माहिती वाटेतच बदलली की युनिट त्या खोट्या माहितीवर इमानेइतबारे खरी स्वाक्षरी करून देते. असा हल्ला करणारा बहुधा दूर देशातला कोणी भामटा नसून त्या गाडीचा मालकच असू शकतो, कारण सिग्नल लवकर हिरवा व्हावा असे कोणाला वाटत नाही?

मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये नेमका हाच मुद्दा दाखवून दिला. अमेरिकी परिवहन खात्याच्या पाठबळाने विकसित झालेली, गाड्यांच्या संदेशांवरून सिग्नलची वेळ ठरवणारी एक प्रणाली त्यांनी अभ्यासली. सुरुवातीच्या काळात सर्वच गाड्यांत संदेश पाठवणारे यंत्र नसणार, हे गृहीत धरून ही प्रणाली सुसज्ज गाड्यांच्या स्थितीवरून इतर गाड्यांचा अंदाज बांधत असे. एखादी सुसज्ज गाडी सिग्नलपासून लांब अंतरावर थांबलेली दिसली, की तिच्यापुढे गाड्यांची रांग असणार, असा तर्क ती करी. हल्लेखोर गाडीने 'मी तिथे मागे उभी आहे' एवढेच खोटे सांगायचे. लगेच प्रणालीला रिकाम्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसू लागे आणि त्या नसलेल्या रांगेला ती हिरवा दिवा देत बसे. एकाच गाडीच्या अशा खोटेपणामुळे एरवी अर्ध्या मिनिटात पार होणाऱ्या चौकात काही गाड्यांना सात मिनिटांहून अधिक वेळ लागल्याचे या अभ्यासात दिसले. यात एकाही स्वाक्षरीची मोडतोड झाली नव्हती.

एकच युनिट अनेक प्रमाणपत्रे एकाच वेळी वापरून रस्त्यावर नसलेल्या दहा गाड्यांचे सोंगही आणू शकते. अशा भुताटकीच्या वाहतूक कोंडीमुळे इतर गाड्यांचे नकाशे त्यांना दुसऱ्या रस्त्याने वळवतील आणि हल्लेखोराचा रस्ता मोकळा राहील.

खोटे बोलणारी गाडी ओळखता येते का?

बऱ्याच प्रमाणात येते, पण खात्रीने नाही. काही तपासण्या अगदी व्यवहारज्ञानाच्या आहेत. दोन संदेशांमधील अंतर आणि सांगितलेला वेग यांचा मेळ बसला पाहिजे. गाडी ज्या जागी असल्याचे सांगते तिथे आधीच दुसरी गाडी उभी असता कामा नये. दुरून येणारी गाडी आधी रेडिओच्या टप्प्याच्या कडेला ऐकू यायला हवी, ती चौकाच्या मधोमध अचानक अवतरली तर शंका घ्यावी. आपल्या गाडीला रडार किंवा कॅमेरा असेल तर सांगितलेल्या जागी खरोखर काही दिसते का, हे पाहणे सर्वांत भरवशाचे ठरते. मात्र बिनतारी संवादाचा खरा उपयोग कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गाड्यांसाठीच असल्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी ही तपासणी हात टेकते.

संशय आला की गाडी पुराव्यासह अहवाल मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवते. एका अहवालावर कारवाई करणे धोक्याचे असते, कारण प्रामाणिक गाडीचा जीपीएसही उंच इमारतींच्या गल्लीत भरकटतो, आणि खोटे अहवाल पाठवून निर्दोष गाडीला बाद करण्याचा डावही खेळला जाऊ शकतो. तेव्हा अनेक गाड्यांच्या तक्रारी जुळल्यावरच निर्णय घ्यावा लागतो.

या संदेशांवरून माझ्या येण्याजाण्यावर पाळत ठेवता येईल का?

सेकंदाला दहा वेळा आपली जागा जाहीर करणाऱ्या यंत्राबद्दल ही शंका रास्त आहे आणि रचनाकारांनीही ती गांभीर्याने घेतली आहे. गाडीला कायमचे एक प्रमाणपत्र न देता टोपणनावांची चळत दिली जाते. अमेरिकी रचनेत आठवड्याला २० टोपण-प्रमाणपत्रे आणि एकूण तीन वर्षांचा साठा, म्हणजे तीन हजारांहून अधिक प्रमाणपत्रे, असा हिशेब आहे. गाडी ठरावीक काळाने टोपणनाव बदलते, आणि त्याच क्षणी तात्पुरता ओळखक्रमांक आणि रेडिओचा पत्ताही बदलते. यांपैकी एक जरी जुना राहिला तरी सोंग उघडे पडते.

ही प्रमाणपत्रे देणारी यंत्रणाही मुद्दाम विभागलेली आहे. गाडी कोणाची हे ज्या विभागाला माहीत असते त्याला तिची टोपणनावे दिसत नाहीत, आणि टोपणनावांवर सही करणाऱ्याला ती कोणासाठी आहेत हे कळत नाही. त्यामुळे एकाच विभागातील फितूर कर्मचारी कोणाच्याही प्रवासाचा माग काढू शकत नाही.

तरीही पळवाटा उरतात. रिकाम्या रस्त्यावर एकटीच गाडी असेल तर तिने नाव बदलले तरी ती तीच आहे, हे कोणीही ओळखेल. शिवाय गाडीत इतर रेडिओही असतात. टायरमधील हवेचा दाब सांगणारे सेन्सर आपला कायमचा क्रमांक उघडपणे प्रसारित करतात आणि तो ४० मीटरवरून टिपता येतो, असे २०१० मध्येच अमेरिकी संशोधकांनी दाखवले होते. म्हणजे गाडी नाव बदलते, आणि चाक मात्र जुनेच नाव सांगत फिरते.

टोपणनावे वापरणाऱ्या दोषी गाडीला बाद कसे करतात?

या ठिकाणी अमेरिका आणि युरोप यांचे मार्ग वेगळे झाले आहेत. अमेरिकी रचनेत दोन स्वतंत्र विभागांकडे जुळणीच्या बियांचे, म्हणजे एका गाडीची टोपणनावे एकमेकांशी जोडणाऱ्या गुप्त आकड्यांचे, दोन भाग असतात. ते एकत्र आल्यावर एका गाडीची त्यापुढची सर्व टोपणनावे ओळखता येतात आणि रद्द यादीत तीन हजार नोंदींऐवजी एक नोंद पुरते. युरोपने टोपणनावांची रद्द यादी ठेवलेलीच नाही. दोषी गाडीला नवी प्रमाणपत्रे देणे बंद केले जाते आणि हातातला साठा संपला की तिचा आवाज आपोआप बंद होतो. हा साठा जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असावा, असे युरोपीय धोरण सांगते. युरोपचा मार्ग सुटसुटीत आहे खरा, पण एखादी गाडी जाणूनबुजून खोटे बोलत असताना तिची शिदोरी संपण्याची वाट पाहणे आम्हाला फारसे समाधानकारक वाटत नाही.

कोणी लहरीच जाम केल्या तर?

स्वाक्षरीचा त्यावर काही उपाय नाही. त्याच पट्ट्यात जोरदार गोंगाट केला की जवळपासचे संदेश बुडतात. सी-व्हीटूएक्समध्ये गाड्या ठरावीक अंतराने येणारे रेडिओचे खाने आपल्यासाठी आधीच राखून ठेवतात, त्यामुळे काही काळ ऐकत बसलेल्या हल्लेखोराला पुढचा संदेश केव्हा येणार याचा अंदाज बांधून नेमक्या त्याच क्षणी अडथळा आणता येतो. अशा वेळी गाडीने इशारे थांबल्याचे ओळखून स्वतःच्या कॅमेरा-रडारवर चालत राहावे, एवढेच करता येते. इशारा न मिळणे म्हणजे रस्ता मोकळा असणे, असा अर्थ सॉफ्टवेअरने कधीही लावू नये.

आणि जीपीएसच फसवला तर?

नागरी जीपीएसचा संकेत दुबळा असतो आणि जुन्या नागरी संकेतांवर स्वाक्षरी नसते. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या पथकाने भूमध्य समुद्रात, मालकाच्या संमतीने, एका मोठ्या नौकेला खोट्या संकेतांनी मार्गावरून वळवून दाखवले होते. वाहनांच्या बाबतीत याचा परिणाम दुहेरी होतो, कारण जागेबरोबर संदेशांची वेळही जीपीएसवरूनच घेतली जाते. घड्याळ पुढे-मागे झाले की ताजे संदेश शिळे ठरून फेटाळले जातात. चाकांचा वेग आणि गाडीतील इतर सेन्सर यांच्याशी पडताळा घेणे हाच यावर आजचा व्यवहार्य उपाय आहे.

बाहेरून संदेश पाठवून माझ्या गाडीचे ब्रेक लावता येतील का?

आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक प्रणालींत असा संदेश चालकाला फक्त इशारा देतो आणि ब्रेक चालकाच्याच पायाखाली राहतो. पण संदेश वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असेल, तर मुद्दाम बिघडवलेल्या संदेशामार्फत युनिटमध्ये शिरकाव करणे तत्त्वतः शक्य आहे. तेथून पुढे स्टीअरिंग-ब्रेकच्या अंतर्गत जाळ्यापर्यंत वाट असू नये, यासाठी मध्ये दरवान म्हणून वेगळे गेटवे बसवले जाते.

या विषयावर बोलताना २०१५ च्या जीप चेरोकीचे उदाहरण नेहमी दिले जाते. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी मैलोगणती दूर बसून महामार्गावरच्या त्या गाडीचे इंजिन मंदावले होते आणि त्यानंतर उत्पादकाने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मात्र तो हल्ला गाड्यांमधील थेट संवादातून झाला नव्हता, तर मनोरंजन यंत्रणेच्या मोबाइल जोडणीतून झाला होता. या दोन गोष्टींची गल्लत बातम्यांमध्ये वारंवार होते.

क्वांटम संगणक आल्यावर या स्वाक्षऱ्या टिकतील का?

आजच्या स्वाक्षऱ्या पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला तोंड देणारी मानके जाहीर केली, पण ती येथे जशीच्या तशी बसत नाहीत. आजची स्वाक्षरी ६४ बाइटची आहे, तर नव्या मानकांतील एमएल-डीएसए या पद्धतीची सर्वांत लहान स्वाक्षरीसुद्धा २,४२० बाइटची आहे, म्हणजे स्वाक्षरीच मूळ संदेशाच्या कितीतरी पट मोठी झाली. एवढे ओझे सेकंदाला दहा वेळा वाहण्याइतकी रुंद वाट ५.९ गिगाहर्ट्झमध्ये नाही. संदेशाचे आयुष्य क्षणभराचे असल्याने तो आज साठवून उद्या फोडण्यात हल्लेखोराला लाभ नाही, एवढा दिलासा आहे. परंतु गाडी पंधरा वर्षे चालते आणि तिच्यात कारखान्यातच बसवलेली मूळ प्रमाणपत्रेही तितकीच वर्षे चालतात, म्हणून हा प्रश्न आजच्या रचनेतच सोडवावा लागेल.

कायदा काय सांगतो आणि भारतात काय स्थिती आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा आर१५५ हा नियम जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या वाहनप्रकारांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. सायबर धोक्यांचे व्यवस्थापन गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर होत आहे, हे उत्पादकाला त्यानुसार सिद्ध करावे लागते. आयएसओ/एसएई २१४३४ हे २०२१ चे मानक ते काम कसे करावे हे सांगते.

हा नियम ज्या १९५८ च्या कराराखाली येतो त्याचा भारत सदस्य नाही. मात्र युरोपात विकली जाणारी गाडी कोठेही बनलेली असो, तिला तो पाळावा लागतो, आणि हिंजवडीत बसून परदेशी उत्पादकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कित्येक मराठी अभियंत्यांच्या रोजच्या कामात आर१५५ हा शब्द त्यामुळेच आला आहे. देशात त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी एआयएस-१९० ही मानके तयार करण्यात आली. या कामात पुण्यातील एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा आहे.

एसटी किंवा टॅक्सीतील एआयएस-१४० चे यंत्र हे वाहनांमधील संवादाचे यंत्र आहे का, असेही विचारले जाते. तसे ते नाही. ते सिमकार्डावरून गाडीचे ठिकाण आणि आपत्कालीन बटणाची सूचना नियंत्रण केंद्राला कळवते, शेजारच्या गाडीशी बोलत नाही.

गाडीमालकाने काय करावे?

उत्पादकाने दिलेले अद्ययावत सॉफ्टवेअर टाळू नये. निदानाच्या, म्हणजे गाडीतील बिघाड तपासण्याच्या, सॉकेटमध्ये स्वस्तातली अनोळखी यंत्रे कायमची लावून ठेवू नयेत. युनिट उघडून 'सुधारून' देणाऱ्यांपासून दूर राहावे. त्रुटी आढळल्यास उत्पादकाला किंवा सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवता येते.

गाडी भंगारात गेली की तिच्या प्रमाणपत्रांचे काय होते?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच तो येथे घेतला. अपघातात चेपलेल्या गाडीचे इंजिन निकामी झाले तरी संवादाचे युनिट शाबूत असू शकते. त्याच्या सुरक्षित चिपमध्ये किल्ल्या आणि न वापरलेली प्रमाणपत्रे तशीच राहतात. अमेरिकी रचनेत तो साठा तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. भंगाराच्या बाजारातून ते युनिट विकत घेऊन बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले, की नसलेली गाडी खऱ्या स्वाक्षरीनिशी पुन्हा बोलू लागते. गाडी मोडीत काढताना चासी क्रमांकाचा पत्रा कापून घेण्याची पद्धत आपल्या आरटीओला चांगली परिचित आहे. बिनतारी संवाद करणाऱ्या गाडीच्या बाबतीत त्याच वेळी युनिटमधील किल्ल्या पुसून तिची नोंद प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेकडे बंद करणे, हे त्या कापलेल्या पत्र्याइतकेच आवश्यक आहे.